घराशेजारच्या पायऱ्या भिंतीपासून सुटल्यात. नवीन पाया कसा घ्यावा? (कसबा बावडा, काळी जमीन)

बावडेकर

नमस्कार मंडळी. घर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आहे, पूर्वी उसाचं रान होतं त्या प्लॉटवर. आरसीसी कॉलमचं बांधकाम. पुराची धास्ती म्हणून जोतं जमिनीपासून ३ फूट उचललंय. स्वयंपाकघराच्या बाजूच्या दारातून खाली उतरायला ठेकेदारानं घराच्या कामातच पायऱ्या करून दिल्या होत्या. कडेनं वीटकाम, आत भराव, वर पॉलिशचं ग्रॅनाइट.

पहिला पावसाळा झाला आणि पायऱ्या व भिंत यांच्यात बारीक चीर दिसली. आज त्या चिरेत माझं बोट पेरभर आत जातं. दारासमोरचा कट्टा घराच्या कोपऱ्याकडं कलंडलाय. पाणी सांडलं की अंगणात न जाता उंबऱ्याकडं येतं. बाजूच्या वीटकामाला खालून वर तिरकी चीर आहे. उन्हाळ्यात ती रुंदावते, पावसाळ्यात जरा मिटते. सिमेंटनं बुजवली की शेजारून नवीन उघडते.

आता सगळं काढून नव्यानं बांधायचं ठरवलंय. आईची दिवसभर तिथनंच ये-जा असते, तुळशीपाशी, धुण्याच्या दगडापाशी. तिचे गुडघे दुखतात आणि आत्ताची एकेक पायरी ८ इंचांची आहे.

दोन गवंड्यांना विचारलं. एक म्हणतो, पायऱ्या फोडू, तीच माती धुमसून (ठोकून दाबून) वर ४ इंच काँक्रीट टाकू आणि भिंतीत सळया ठोकून पायऱ्या घरालाच बांधून टाकू, मग कशाला सुटतील? दुसरा म्हणतो, ५ फूट खणायचं नसेल तर मी कामच घेत नाही. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. वळवाच्या आत पाया जमिनीच्या वर आणायचाय. जाणकारांनी सांगा, कुणाचं ऐकू?

माळावरचा

दादा, एवढं घाबरायचं काम नाही. मी पाचगावला राहतो. आमच्या मागच्या पायऱ्यांना दीड फूट खणलं तेव्हाच पहार टण्ण वाजली. ९ इंच डबराचं सोलिंग (तळाला पसरलेला मोठ्या दगडांचा थर), फटीत मुरूम, पाणी मारून धुम्मस, त्यावर १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) ४ इंच काँक्रीट आणि मग वीटकाम. केसभर हललेलं नाही. पायरीला ५ फूट पाया म्हणजे पैसे मातीत घालणं.

ओळंबा

माळावरचा, तुमच्या प्लॉटवर तुम्ही केलं ते अगदी बरोबर आहे. पण पाचगावचं माप बावड्याला लागत नाही. तुमच्या पायाखाली कडक मुरूम आहे, त्यांच्या पायाखाली उसाची काळी जमीन आहे. मी साइटवर काम करणारा माणूस आहे, बऱ्यापैकी सविस्तर लिहितो.

बावडेकर, तुमच्या पायऱ्यांना दोन वेगवेगळे रोग आहेत. लक्षणं तुम्हीच लिहिलीत.

पहिला : कट्टा घराच्या कोपऱ्याकडं कलंडलाय. कोपऱ्यात काय आहे? कॉलम. कॉलमचं फूटिंग (तळाचा रुंद पाया) भरताना घराच्या बाहेरही दोन-अडीच फूट खड्डा घेतलेला असतो आणि काम झालं की जी माती समोर असेल ती त्यात लोटून देतात. ती थरानं धुमसायला कुणाला वेळ नसतो. तो भराव पुढं कित्येक वर्षं बसत राहतो. तुमच्या पायऱ्यांचा घराकडचा भाग त्या भरावावर आणि पुढचा भाग मूळ जमिनीवर. एक टोक खाली गेलं, दुसरं जागेवर राहिलं, म्हणून वीटकाम तिरकं तडकलं.

दुसरा : उन्हाळ्यात चीर रुंद, पावसाळ्यात बारीक. ही काळ्या मातीची सही आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. यूट्यूबवरच्या अमेरिकी व्हिडिओत पायऱ्यांचा पाया तीन-चार फूट खाली नेताना दाखवतात, कारण तिकडं थंडीत जमिनीतलं पाणी गोठून माती वर उचलते. आपल्याकडं बर्फ नाही, पण उचलायचं आणि खाली सोडायचं तेच काम काळी माती दरवर्षी करते. म्हणून त्या व्हिडिओतलं खोलीचं तत्त्व घ्या, आकडा घेऊ नका. आकडा आपल्या मातीतून निघतो.

पायऱ्या जड म्हणून खचतात असं सगळे म्हणतात, तेही तपासून बघा. ४ फूट खोल आणि ५ फूट रुंद कट्टा, जोतं ३ फूट, पुढं एकेक फुटाच्या ५ पायऱ्या धरा. सगळं दगडात भरीव बांधलं तरी साधारण ९७ घनफूट होतं, म्हणजे जेमतेम एक ब्रास (१०० घनफूट). वजन साडेसहा-सात टन. ते ४५ चौरस फुटांवर पसरलं की चौरस मीटरला दोन टनांच्याही आत. हा भार कुठलीही बरी जमीन सहज घेते. उलट फुगणारी काळी माती याच्या कितीतरी पट जोरानं वर रेटते. घराचा कॉलम तिला दाबून धरतो, हलकी पायरी उचलली जाते. काळ्या जमिनीत कंपाउंड वॉल, ओटे, पायऱ्या आधी तडकतात आणि घर शाबूत राहतं, त्याचं कारण हेच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच : पायरीला तिचा स्वतःचा पाया द्या, तो कधीही न खणलेल्या आणि न फुगणाऱ्या थरावर टेकवा, आणि घराला तिचा हातही लागू देऊ नका.

आधी दोन खड्डे घ्या. एक पायऱ्या जिथं संपतात तिथं, दुसरा कोपऱ्याच्या कॉलमजवळ. काय लागतं ते इथं लिहा, मग खोली ठरवू. घराच्या फूटिंगच्या तळाखाली मात्र कुठंही खणायचं नाही, हे मजुरांना आधीच बजावा.

कट्टेकरी

ओळंबा सर, बाकी पटलं. पण सळयांना एवढा विरोध का? आमच्या राजारामपुरीतल्या घराला १२ मिमीच्या सळया जोत्याच्या बीममध्ये केमिकलनं बसवून पायऱ्या जोडल्यात. चांगल्या राहिल्यात. निदान चीर तरी पडत नाही.

ओळंबा

तुमच्या पायऱ्यांखालची जमीन हलत नसेल तर सळया असल्या काय, नसल्या काय, सारखंच. सळईची परीक्षा जमीन हलते तेव्हा होते. पायरी खाली बसायला लागली की तिचं सगळं वजन त्या चार-सहा सळयांवर येतं. मग एक तर सळईभोवतीचं काँक्रीट फुटतं, नाही तर पायरी कट्ट्याच्या मध्येच मोडते. बऱ्याचदा भिंतीचं प्लास्टर आणि जोत्याच्या बीमचा कोपरा सोलून निघतो. चीर राहतेच, फक्त पायरीतून घरात सरकते. शिवाय त्या सळईवर दरवर्षी पाणी उतरतं, ती गंजते आणि फुगते.

खालून खचणाऱ्या वस्तूला वरून धरून ठेवायचं असेल तर तो भार घेईल असं डिझाइन घराच्या बीमचंच करायला लागतं. ते घर बांधताना करतात, नंतर ठोकून नाही.

रानजाई

बावडेकर दादा, पायऱ्यांच्या शेजारी गच्चीचा पन्हळ-पाइप उतरतो का ते आधी बघा. आम्ही फुलेवाडीला. आमच्या पायऱ्या खचल्या तेव्हा सगळे मातीला दोष देत होते. फरशी उचलली तर खाली अख्खं भगदाड. गच्चीचं सगळं पाणी पायरीच्या बुडात पडत होतं आणि त्या ओल्या भुसभुशीत भरावात घुशींनी घर केलं होतं. पायरीच्या आत इतकी पोकळी की मुलाचा क्रिकेटचा बॉल आत गेला तो दिसेना. माती वाहून गेली होती की घुशींनी उकरली होती, कोण सांगणार! दोन्ही असणार.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी होतं. ओसरल्यावर ज्यांच्या पायऱ्या पोकळ भरावाच्या त्यांचीच पडझड जास्त झाली. आत शिरलेलं पाणी बाहेर पडताना माती घेऊन जातं. भराव करणारच असाल तर मुरमाचा करा आणि पाणी निघायला कडेला भोकं ठेवा, त्यांना जाळी लावा. आणि सांडपाण्याचं चेंबर पायरीखाली येत असेल तर आत्ताच हलवा. नंतर तुंबलं की नवी पायरी फोडायची पाळी येते.

बावडेकर

ताई, पाइप आहे! पायरीला खेटूनच उतरतो आणि खाली नुसता सोडून दिलाय. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पायऱ्या काढल्या, खड्डेही घेतले. पुढच्या खड्ड्यात ४ फुटांपर्यंत एकसारखी काळी माती. वरच्या दोन फुटांत भेगा इतक्या, की पहार उभी सोडली तर हातभर आपोआप जाते. ४ फुटांनंतर रंग बदलला, पिवळसर मुरमाड लागलं. कुदळ मारली की ढेकूळ निघत नाही, चुरा निघतो. साडेचार फुटांवर चांगलं कडक लागतंय.

कोपऱ्याच्या खड्ड्यातून काय काय निघालं बघा : विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या, सेंट्रिंगच्या फळ्यांचे वाळवी लागलेले तुकडे, गुटख्याच्या पुड्या, आणि मधेच मुठीएवढी पोकळी. ४ फूट खणलं तरी तसंच. घराचं फूटिंग ६ फुटांवर आहे असं नकाशात दिसतं. खड्ड्याच्या बाजूला उभं राहिलं की सरळ रेघ दिसते. भिंतीपासून अडीच फुटांपर्यंत ही खिचडी, त्याच्या पलीकडं अखंड काळी माती.

पुतणी सिव्हिल डिप्लोमाला आहे. तिनं दोन्ही माती कॉलेजात नेऊन फुगण्याची चाचणी केली. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये, आणि २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तिच्याशी तुलना. काळी माती रॉकेलमध्ये १२ मिलीवर बसली आणि पाण्यात २२ वर. म्हणजे जवळपास ८३ टक्के फुगली. खालचं पिवळं मुरमाड १२ चं १३ झालं.

मी दोन्ही नळ्या शेजारी ठेवलेल्या बघितल्या. माती तीच, पण एकीत जवळजवळ दुप्पट. आता पाचगावचं सोलिंग इथं का चालणार नाही ते मला कुणी समजवायची गरज नाही.

माळावरचा

मान्य. ८३ टक्के म्हणजे फार झालं. पण मग एक शंका : सगळी काळी माती काढून मुरूमच भरला तर? मुरूम आपल्याकडं मिळतोय की.

ओळंबा

चांगला पर्याय आहे, आणि ज्यांची काळी माती दोन-अडीच फुटांत संपते त्यांनी तेच करावं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, थोड्या चिकट मातीचा जाड थर दाबून बसवला की खालची उचल वर पोचता पोचता कमी होते, हे आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी अभ्यासून दाखवलं. कालव्यांच्या कामात ते वापरलं गेलं, त्यावर भारतीय मानकही आहे. आपला चांगला मुरूम त्या कामाला चालतो.

पण बावडेकरांकडं अडचण कोपऱ्याची आहे. तिथं ६ फुटांपर्यंत खिचडी आहे. वरचे ३ फूट काढून मुरूम भरला तरी खालचे ३ फूट बसत राहणार. धुम्मस वरून कितीही मारा, तिचा दणका एका वेळी सहा इंचांच्या थरापर्यंतच नीट पोचतो. आणि सगळं ६ फूट काढायचं तर घराचं फूटिंग उघडं पडतं. ते मी करू देणार नाही.

म्हणून मी इथं भरावाला हातच लावणार नाही. त्याच्यावरून ओलांडून जाऊ.

घराच्या भिंतीपासून अडीच फूट सोडा, म्हणजे खिचडीच्या पलीकडं. तिथं भिंतीला समांतर २ फूट रुंद, ६ फूट लांब चर साडेचार फूट खोल घ्या, कडक मुरमापर्यंत. दुसरा तसाच चर शेवटच्या पायरीखाली, घरापासून ९ फुटांच्या रेषेवर. दोन्ही चरांत तळाला ६ इंच १:३:६ काँक्रीट, त्यावर १५ इंची दगडी भिंत जमिनीच्या वर आणायची, माथ्यावर ६ इंचांचा आरसीसी पट्टा. या दोन भिंतींवर एकच अखंड स्लॅब : खालच्या भिंतीपासून तिरका चढतो, मधल्या भिंतीवर आडवा होतो आणि तिथून घराकडं साधारण ३ फूट लोंबतो. हाच तुमचा कट्टा. भिंतीला टेकायच्या आधी २० मिमी फट ठेवायची.

स्लॅब ५ इंच, एम-२० दर्जाच्या काँक्रीटचा. मुख्य सळई १० मिमी ६ इंचांवर, आडवी ८ मिमी ८ इंचांवर. पायऱ्या त्या स्लॅबवर विटांत. तिरक्या स्लॅबच्या पोटाखाली आणि जमिनीत तीन-चार इंच मोकळी जागा सोडा, म्हणजे काळी माती पावसाळ्यात फुगली तरी तिला काही लागणार नाही. कट्ट्याखालची जागाही मोकळीच. त्यातून पाइप जाईल, भिंतीला ओल धरणार नाही, आणि घूस आली तर दिसेल.

एक गोष्ट मात्र जीव लावून बघा. लोंबत्या भागात मुख्य सळई वरच्या बाजूला असते. तिथं स्लॅब खाली वाकायला बघतो, म्हणजे ताण वरच्या अंगाला. काँक्रीट टाकताना माणसं सळईवरून चालतात, ती दबून खाली जाते आणि वरून सगळं छान दिसतं. असा कट्टा टेकू काढताना मोडतो. वरच्या सळईखाली खुर्च्या (तिला उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे आधार) बांधा, चालायला फळी टाका, आणि काँक्रीट पडत असताना स्वतः उभे राहा. वरची सळई मधल्या भिंतीच्या पुढं तिरक्या भागात किमान ४ फूट गेलेली पाहिजे.

माप जवळच्या इंजिनिअरला दाखवून सही घ्या. मी साइट बघितलेली नाही.

कट्टेकरी

ओलांडून जायची कल्पना आवडली. मी सळयांचा मुद्दा सोडला.

गवंड्याचा पोर

वडील शिवाजी पेठेत जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करायचे, मी पण तेच करतो. ओळंबा सरांनी स्लॅबचं सांगितलं, मी दगडाचं सांगतो. पाया म्हणून लोक चर भरतात आणि त्यात दगड नुसते टाकतात. हे बांधकाम नव्हे.

डबर चरात उतरवायच्या आधी धुऊन घ्या. मातीचा थर असलेल्या दगडाला माल चिकटत नाही. सगळ्यात मोठे, सपाट बुडाचे दगड तळाला. दगड त्याच्या रुंद अंगावर निजवायचा, उभा लावायचा नाही. प्रत्येक दगड मालात बसला पाहिजे आणि हातोडीनं ठोकल्यावर हलता कामा नये. आतल्या फटीत आधी माल, मग चिपा दाबायच्या. लोक उलटं करतात, आधी चिपा टाकून वरून पातळ माल ओततात, मग आत पोकळ्या राहतात. सांध्यावर सांधा आला तर दगड बदला. आणि हर थरात चार-पाच फुटांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार गेला पाहिजे, नाही तर १५ इंची भिंत म्हणजे दोन वेगळ्या पापुद्र्यांची भिंत होते आणि मधून पोट सुटतं. माल १:५ (सिमेंट-वाळू) घ्या, जमिनीखाली १:६ पेक्षा हलका नको.

आजरा-चंदगडकडचा जांभा स्वस्त पडतो म्हणून कुणी सुचवेल. दिसायला देखणा असतो, वरच्या भिंतीला वापरा. ओल्या काळ्या जमिनीत पाया मात्र काळ्या दगडाचाच.

तुमच्या जुन्या घराच्या घडीव पायऱ्या कुठं पडल्या असतील तर त्या फेकू नका. दगडी पायरी बसवताना वरचा दगड खालच्या दगडाच्या पाठीवर दीड-दोन इंच चढवायचा, म्हणजे खालचा दगड पुढं सरकायला बघत नाही. जुन्या वाड्यात बघा, पायरीचा मधला भाग पावलांनी झिजलेला असतो, पण सांधा हललेला नसतो.

चर जास्त दिवस उघडा ठेवू नका. काळी माती उन्हात वाळली की बाजू ढासळते. काढलेली माती काठापासून लांब टाका, आणि घराकडच्या बाजूला फळ्या लावून आडवे टेकू द्या. साडेचार फुटांच्या चरात वाकलेल्या माणसावर दरड आली तर त्याला बाहेर निघता येत नाही.

रानजाई

हे शेवटचं फार महत्त्वाचं लिहिलंत दादा.

बावडेकर

इंजिनिअर येऊन गेले. ओळंबा सरांचा आराखडा त्यांनी जवळपास तसाच ठेवला, फक्त मधल्या भिंतीवरच्या पट्ट्यात ४ सळया १० मिमीच्या आणि रिंगा वाढवल्या. चर झालेत, तळाचं काँक्रीट झालंय, दगडकाम चालू आहे. गवंड्याला इथलं वाचून दाखवलं. आधी जरा नाराज झाला, मग स्वतःच आरपारचे दगड शोधून बाजूला काढून ठेवले.

आता पायरीच्या मापाचं सांगा. ३ फुटांत ६ इंचांचे ६ चढ (५ पायऱ्या आणि सहावा कट्टा), पायरीची रुंदी १२ इंच. आईला जमेल ना?

ओळंबा

६ आणि १२ हे उत्तम माप आहे. नॅशनल बिल्डिंग कोड घरातल्या जिन्याला उंची जास्तीत जास्त १९० मिमी आणि रुंदी कमीत कमी २५० मिमी म्हणतो. तुमची आधीची ८ इंची पायरी त्याच्याही बाहेर होती, आईंचे गुडघे दुखणारच. दुप्पट उंची अधिक रुंदी ही बेरीज २४ इंचांच्या आसपास आली की पाऊल सहज पडतं. तुमची बरोबर २४ येते.

घोटाळा होतो तो फिनिशिंगचा. गवंडी कच्च्या बांधकामाला ६-६ इंच मोजतो, नंतर वर पाऊण इंच दगड आणि इंचभर माल चढतो, खाली अंगणात पेव्हर बसतात, आणि पहिली-शेवटची पायरी वेगळ्याच उंचीच्या होतात. अंधारात माणूस नेमका तिथंच अडखळतो. म्हणून तयार पातळीवरून खाली मोजा. उंबऱ्याच्या खाली इंचभर कट्ट्याची तयार पातळी धरा, पाण्याच्या नळीनं ती अंगणातल्या खुंटीवर न्या, तिथून तयार अंगणापर्यंतचं अंतर ६ नं भागा, आणि सगळ्या खुणा भिंतीवर पेन्सिलनं आधी मारून घ्या. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला थोडा ढाळ, कट्ट्याला घरापासून बाहेर फुटाला पाव इंच.

रेलिंग लावणार असाल तर पाइपसाठी खोबण्या काँक्रीट टाकतानाच ठेवा. नंतर ड्रिल मारून कड फोडू नका.

गवंड्याचा पोर

पाणी मारायचं विसरू नका. आजकाल पिशवीवर पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असतं. त्या सिमेंटला ७ दिवस पुरत नाहीत, किमान १० दिवस ओलं पाहिजे, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात १४. तिरक्या स्लॅबवर पाणी थांबत नाही, पोती अंथरा आणि ती वाळू देऊ नका. लोंबत्या भागाचे टेकू १४ दिवसांच्या आत काढायचे नाहीत, आणि काढताना आधी टोकाकडचा टेकू, मग भिंतीकडचा.

बावडेकर

स्लॅब झाला. काँक्रीट पडताना स्वतः उभा होतो. ओळंबा सरांनी लिहिलं होतं अगदी तसंच झालं. एक पोरगं घमेलं घेऊन सरळ वरच्या जाळीवर चढलं आणि दोन खुर्च्या आडव्या झाल्या. थांबवून परत उभ्या केल्या, टेपनं मोजलं, मगच पुढं. पुतणी पण होती, तिनं पाण्याचं प्रमाण मोजून दिलं, गवंड्याला वरून पाणी ओतू दिलं नाही.

चरांच्या कडेला मुरूम थराथरानं धुमसलाय. गच्चीचा पाइप कट्ट्याखालून पुढं काढून गटारीला जोडला. पाण्याला शिरायला जागा नको म्हणून पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना अडीच फूट काँक्रीटची पट्टी बाहेर ढाळ देऊन करणार आहे. भिंत आणि कट्ट्यातल्या फटीत थर्माकोल आहे, ते काढून वरून कोणता सीलंट भरू?

आणि ग्रॅनाइट लगेच बसवू का? दुकानदार म्हणतो पॉलिशचंच घ्या, पुसायला सोपं.

रानजाई

पॉलिशचं नको, दादा! कोल्हापूरच्या पावसात चार महिने बाहेरची पायरी ओली असते. पाय सरकला की संपलं. खरबरीत दगड घ्या, किंवा लेदर फिनिशचं ग्रॅनाइट. धूळ जरा धरतं, पण आईंच्या पायाला पकड मिळते. कडेला खोल रेघा मारून घ्या.

माळावरचा

मी तर म्हणतो गवंड्याच्या पोरानं सांगितलेला घडीव काळा दगड बघा. पंचगंगा घाटावर दर पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पाणी उतरलं की लोक पुन्हा त्यावरूनच चालतात.

ओळंबा

फटीत बाहेरून पॉलीसल्फाइड किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट, आत थर्माकोलऐवजी गोल फोमची दोरी. वर सिमेंट बिलकूल नको, ती फट हलायलाच ठेवलीय. कट्ट्याच्या वर भिंतीला अर्धा इंच पुढं आलेली पट्टी काढा म्हणजे पाणी थेट फटीत उतरणार नाही.

दगड मात्र आत्ता बसवू नका. पायऱ्यांना खरबरीत सिमेंट फिनिश देऊन हा पावसाळा जाऊ द्या. मधल्या भिंतीवर आणि खालच्या भिंतीवर एकेक खूण करा, उंबऱ्यापासून त्यांची पातळी नळीनं मोजून आत्ता लिहून ठेवा, आणि ऑगस्टमध्ये जमीन पुरती भिजलेली असताना पुन्हा मोजा. पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेली तर तेव्हाही मोजा, तेव्हा तुमच्याकडं जमिनीतलं पाणीही वर आलेलं असेल. दोन्ही आकडे जुळले तर दसऱ्यानंतर दगड बसवा. दोन-तीन मिलीमीटरच्या वर फरक दिसला तर इथं लिहा, दगडाआधी त्याचं बघू.

बावडेकर

खुणा केल्या, आकडे वहीत लिहिले. दगडाचं दसऱ्यानंतरच. ऑगस्टचं माप इथंच टाकतो.